पेनाचे तास

१

दोनशे तास. विमान चालवायचा परवाना पाहिजे असेल तर दोनशे तास आकाशात काढावे लागतात, त्यातले शंभर एकटीने. परीक्षा असतात, डोळे-कान तपासतात, सगळं होतं. पण शेवटी 'पोरी, तुला येतं का' असं कोणी विचारत नाही. तास किती झाले, एवढंच विचारतात. आमच्या केंद्रात सकाळी भेटल्यावर लोक एकमेकांची तब्येत विचारत नसत, तास विचारत.

केंद्राचं नाव मी लिहिणार नाही. बुलढाणा जिल्ह्यात आहे, एवढं पुरे. तिथली पोरं अजून तास जमवत आहेत, त्यांच्या ताटात माती कालवायची नाही मला. एक धावपट्टी, पत्र्याचं हँगर, रेडिओ आणि फळा असलेली एक खोली, आणि वारा कुठून येतो ते दाखवायला खांबावर टांगलेली एक फाटकी कापडी पिशवी. विमानं दोन. त्यातलं एक मी आले तेव्हापासून विटांवर उभं होतं. उडायचं ते एकच, दोन सीटचं जुनं सेसना, आणि त्याच्यावर आम्ही सहा जण टपून बसलेलो असायचो.

रोजची रीत ठरलेली. विमानाभोवती फिरून एकेक गोष्ट हात लावून बघायची. टाकीत काठी बुडवून पेट्रोल किती ते बघायचं. रामराव मेकॅनिक चाकांखालचे लाकडी ठोकळे काढायचे. चाक हललं की घड्याळ बघून लॉगबुकात निघाल्याची वेळ लिहायची, परत येऊन चाक थांबलं की उतरल्याची वेळ लिहायची. मधलं जे उरतं ते तुमच्या नावावर जमा. वेळ तिथल्या तिथे लिहायची, मागून आठवून लिहायची नाही, ही आमच्या शेषराव सरांची पहिली शिकवण. सर आमचे मुख्य प्रशिक्षक. माणूस तिरसट, पण उडवायला शिकवावं तर त्यांनीच.

मी सारिका, जानेफळची. बाबा, म्हणजे इंद्रभान, मेहकर डेपोत एसटीचे कंडक्टर. माय कलाबाई घरचं तीन एकर वावर एकटी सांभाळते. पोरगी पायलट होऊन राह्यली, ही बातमी बाबा तिकिटासोबत प्रवाशाच्या हातात द्यायचे. मेहकर ते जानेफळ रस्त्यावर ज्याला ती माहीत नाही असा माणूस बहिरा तरी असेल नाहीतर परगावचा.

फेब्रुवारी संपला तेव्हा माझे एकशे सत्त्याऐंशी तास झाले होते. एका मोठ्या कंपनीत को-पायलटांची निवड व्हायची होती. एकतीस मार्चच्या आत दोनशे तासांचे कागद दिल्लीला गेले तरच त्या निवडीला बसता येणार होतं, पुढची निवड कधी ते कोणालाच ठाऊक नव्हतं. तेरा तास म्हणजे आठ फेऱ्या. मी आठवड्यात उरकल्या असत्या. तीन मार्चला रामरावांना इंजिनाच्या तेलात लोखंडाचा कीस सापडला. त्यांनी इंजिन उतरवून घेतलं आणि पेटीत भरून दुरुस्तीला बंगळुरूला पाठवलं. परत यायला दीड महिना.

२

शेषराव सरांनी मला खोलीत बोलावून दार लोटलं. म्हणाले, उरलेले तास पेनाने उडव. आमच्या धंद्यात याला पेनाचे तास म्हणतात. सगळ्यांना माहीत असतात, कोणी बोलत नाही. इंजिन काढल्याची नोंद त्यांनी अजून केलेली नव्हती. कागदावर विमान धडधाकट होतं.

"आठ फेऱ्या लिही, पण रोज एक," सर म्हणाले. "एका बैठकीत लिहिल्या की शाई चुगली करते."

मी दोन दिवस नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला. मे महिन्यात कोणत्या तारखेला रजा टाकू, तुह्या निवडीले मी सोबत येतो, म्हणाले. मी फोन ठेवला आणि पेन शोधलं. दोष बाबांना देत नाही. मलाच ती खुर्ची हवी होती, आणि फार हवी होती.

मंगळवार, दहा मार्च. दुपारी दोन दहाला मी रेडिओच्या खोलीत बसून निघाल्याची वेळ लिहिली. मार्ग लिहिला, उंद्री, मेहकर, जानेफळ आणि परत. एक तास चाळीस मिनिटं. हा मार्ग मी इतक्या वेळा उडवला होता की झोपेतही चुकले नसते. आणि मग पेनाला टोपण लावून बसून राहिले. तीन पन्नासला उतरल्याची वेळ लिहिली. लगेच लिहून टाकली असती तर कोण बघणार होतं? पण हाताला वळण लागलेलं असतं. चोरी करायची तर निदान घड्याळाशी तरी इमान ठेवावं, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. मधल्या वेळात मी मुरमुरे खाल्ले आणि हवामानाचं पुस्तक वाचलं. विमानाचा विचारसुद्धा केला नाही.

बुधवारी तेच. गुरुवार, शुक्रवार, शनिवार तेच. मान खाली घालून पाच फेऱ्या झाल्या.

३

रविवारी घरी गेले. माय वावरात होती. हरभरा निघाला होता आणि ती त्याचं कुटार, म्हणजे भुसा, गोणीत भरत होती. मला बघून ती हसली, पण जरा फुगलेली होती. मी पाणी प्यायले, तिच्यासोबत गोणी धरली, तेव्हा कुठे बोलली.

"मंगळवारी किती खाली आलतीस वं. पदर हालवून हालवून हात दुखला माह्या, पण तू काई पाह्यलं नाई."

मी म्हटलं, कोणत्या मंगळवारी? ती म्हणाली, ह्याच. बुधवारीही आलतीस. कालपर्यंत रोज येऊन राह्यली, तीनच्या एसटीच्या जरा आधी. बाजूच्या वावरातल्या जनकाबाईनेही पाहिलं होतं म्हणे, ती म्हणाली पोट्टी मोठी झाली, आता कायले खाली पाहीन.

दोन दहाला निघालं तर जानेफळवर पोचायला पंचेचाळीस मिनिटं लागतात. तीनला पाच कमी. तीनच्या एसटीच्या जरा आधी.

आमच्या घरात भूत, मुंजा, करणी यांना थारा नाही. बाबांनी लहानपणीच सांगून ठेवलंय, आपण बाबासाहेबांची माणसं, जे दिसते त्याचं कारण असते, कारण सापडेस्तोवर गप्प राहायचं. मी कारण शोधलं. दुसऱ्या केंद्राचं विमान असेल. सर्वे करणारं असेल. लहान विमान खालून सगळं सारखंच दिसतं, आणि मायला ज्यात त्यात मीच दिसते. तीन कारणं मिळाली, तिन्ही बरी होती.

पण खरी गोष्ट वेगळीच होती. 'माय, ती मी नव्हते' असं मला म्हणता येईना. ती मी नव्हते म्हटलं तर मग मी कुठे होते, विमान कुठे होतं, तास कुठून आले, हे सगळं सांगावं लागलं असतं. आणि मायच्या पोटात काही राहत नाही, संध्याकाळपर्यंत डेपोत गेलं असतं.

"हाव, मीच होती," मी म्हटलं. "वर लय काम असते माय. खाली पाहता येत नाई."

तिची कळी खुलली. म्हणाली, असू दे, तू तुह्यं काम कर, मी पायतो.

४

सोमवारी सकाळी हँगरमध्ये रामराव विमानाची पुढची काच पुसत होते आणि कोणाला तरी शिव्या घालत होते. रामराव म्हणजे साठीचा माणूस, हात कायम ग्रीसने काळे, बोलणं कमी. इंजिन काढल्यावर त्यांनी विमानाच्या नाकावर निळी ताडपत्री घालून दोरीने करकचून बांधली होती. प्रोपेलर काढून भिंतीला लावून ठेवला होता. ते विमान जागचं हललं असेल असं वेड्यालाही वाटलं नसतं.

काचेवर किडे होते. पंखांच्या पुढच्या धारेवरही होते. उडून आल्यावर नेहमी असतात तसे, चिरडून पसरलेले. रामराव म्हणाले, गुरुवारी पुसले, शनिवारी पुसले, आज पुन्हा आहेत. मी म्हटलं, हँगरच्या दिव्याला येत असतील. त्यांनी एक किडा फडक्यावर घेऊन मला दाखवला. दिव्याला आलेला किडा काचेवर बसतो, त्याच्या चिंधड्या होत नाहीत, हे मलाही कळत होतं. मी एका किड्याला बोट लावून पाहिलं. ओला होता.

मग त्यांनी दार उघडून विचारलं, सीट पुढे कोणी ओढली? आतल्या तारा बघायला त्यांनी सीट पार मागे ढकलून ठेवली होती. आता ती पुढून दुसऱ्या खाचेत होती. सहा जणांत त्या खाचेत बसणारी मी एकटीच, माझे पाय आखूड आहेत. पोरांनी मस्करी केली असेल, मी म्हटलं. केली असेल, रामराव म्हणाले.

मी भित्री नाही, आणि अडाणी तर त्याहून नाही. दोन्ही दारांवर कागदाची पट्टी चिकटवली, तिच्यावर सही केली आणि हँगरला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. दोन दहाला सहावी फेरी लिहिली. मंगळवारी सकाळी कुलूप उघडलं तर पट्ट्या जशाच्या तशा, सही जशीच्या तशी. काच किड्यांनी भरलेली.

पुसून टाकली मी, रामराव यायच्या आधी. आणि दुपारी सातवी फेरी लिहिली. का लिहिली म्हणून कोणी विचारेल. आणखी एकच राहिली होती म्हणून लिहिली.

५

बुधवार, अठरा मार्च. आठवी आणि शेवटची. पोरं जेवून झोपली होती, सर चिखलीला गेले होते. दोन दहाला वेळ लिहिली. पेनाला टोपण लावलं. रेडिओ चालू होता, कारण त्याची बॅटरी चार्जिंगला लावली होती. त्यातून नुसती खरखर येत होती.

तीनला पाच कमी असताना मायचा फोन आला.

"आज तं लयच खाली आली तू," ती म्हणाली. "आयक, आवाज आयक," आणि तिने फोन वर धरला असणार.

मी ऐकलं. आमच्या सेसनाच्या इंजिनाला एक खोड होती. दर थोड्या वेळाने ते एक ठोका चुकवायचं, उचकी लागलेल्या माणसासारखं. केंद्रातल्या कोणालाही डोळे बांधून ओळखता आलं असतं. फोनमधून तोच आवाज आला. एक ठोका चुकला, पुन्हा लागला. ते इंजिन तेव्हा पेटीत बंद होऊन बंगळुरूला पडलं होतं. मायचा आवाज मध्ये मध्ये येत होता, ती कोणाला तरी हाका मारत होती. सारिका, वं सारिका, इकडे पाय, खाली पाय. ती फोनवर माझ्याशी बोलत नव्हती.

तेवढ्यात खोलीतल्या रेडिओची खरखर थांबली. कोणीतरी घसा साफ केला. बटण दाबल्यावर बोलायच्या आधी घसा साफ करायची सवय मला आहे, सर त्यावरून मला कितीदा झापायचे. मग आमच्या विमानाचं नाव, आणि नेहमीचा रिपोर्ट. जानेफळवर आहे. सगळं ठीक. तीन पन्नासला उतरेन. बाईचा आवाज, जरा वऱ्हाडी वळणाचं इंग्रजी, घाई नाही, भीती नाही. दुपारच्या डब्याची वेळ सांगावी तितक्या साधेपणाने.

माझा हात आपोआप गेला. मी बटण दाबलं आणि 'रॉजर' म्हटलं. तिचं ऐकलं, मान्य केलं, असा त्याचा अर्थ. दोनशे तास जमवताना माणूस हेच शिकतो, वरून कोणी बोललं की उत्तर द्यायचं.

मग मात्र मी चपलासुद्धा न घालता बाहेर पडले, ती थेट फाट्यावरच्या हॉटेलपर्यंत चालत गेले, आणि संध्याकाळी पोरं तिथे चहाला आली तेव्हा अंधार पडायच्या आत त्यांच्यासोबत परत आले. धावपट्टीवर काही नव्हतं. हँगरला कुलूप होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉगबुक उघडलं तेव्हा कळलं की आठव्या फेरीची उतरल्याची वेळ मी लिहिलीच नव्हती. रकाना कोरा होता.

६

लिहायला किती वेळ लागतो? तीन, मग पन्नास. मी पेन हातात घेतलं. आणि एक विचार असा आला की तो डोक्यातून जाईना. मी वेळ लिहिली तर ती उतरणार. उतरली तर इथेच उतरणार, या धावपट्टीवर, हँगरसमोर येऊन थांबणार. मग दार उघडणार आणि त्यातून कोणीतरी बाहेर येणार. माझ्या नावाचं, माझ्या सहीचं. ती आली की मी कोण?

वेडेपणा आहे, मी स्वतःला म्हटलं. बाबांनी शिकवलेलं सगळं आठवून बघितलं. कारण सापडेस्तोवर गप्प राहायचं, तशी गप्प राहिले. पण लिहिलं नाही. खरं सांगते, भ्याले मी.

त्यानंतर मी एकही फेरी लिहिली नाही, तरी मायचा फोन रोज यायचा. आली होतीस. आज दोनदा आलीस. आज सकाळीच आलीस, घिरट्या घालून राह्यली. रेडिओवरही आता वेळेचं बंधन राहिलं नव्हतं. उंद्रीवर आहे. मेहकरवर आहे. जानेफळवर आहे. आणि दर वेळी शेवटी एकच शांत मागणी, उतरायची वेळ सांगा. आमच्या टाकीत चार तासांचं पेट्रोल मावतं. आठवडा होत आला होता. रेडिओची बॅटरी तर मी तिसऱ्याच दिवशी काढून कपाटात टाकली होती.

पंचवीस तारखेला शेषराव सरांनी कागद बघायला घेतले. कोऱ्या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं. म्हणाले, हे काय, भर की. मी हलले नाही. त्यांनी वैतागून स्वतःचं पेन काढलं आणि बुकावर टेकवलंसुद्धा. मी त्यांच्या हाताखालून बुक ओढून घेतलं. आयुष्यात कोणा गुरुजींच्या हातून मी कधी काही ओढलं नव्हतं. पान खराब झालंय, मी नवं बुक करते, असं काहीबाही म्हणाले. सरांना वाटलं, पोरगी धसकली. त्यांनी कपाटातून कोरं लॉगबुक काढून दिलं.

दोन दिवस बसून मी सगळं उतरवून काढलं. प्रत्येक फेरी, निघाल्याची वेळ, उतरल्याची वेळ. अठरा मार्चची फेरी लिहिली नाही. ती एक तास चाळीस मिनिटं पाच-पाच, दहा-दहा करून बाकीच्यांत जिरवली. दोनशे तास भरले. सरांनी सही ठोकली.

जुनं बुक मी रामरावांकडे दिलं. हँगरच्या मागे एका पिंपात ते तेलाच्या चिंध्या जाळायचे. त्यांनी चष्मा लावला, बुक उघडलं, शेवटचं पान काढलं आणि कोऱ्या रकान्यापाशी थांबले.

"हे पुरं नाई झालं," ते म्हणाले.

"जाळून टाका, काका," मी म्हटलं.

त्यांनी बुक पिंपात टाकून काडी लावली. बुकाची पानं जाड होती, जळायला वेळ लागला. मी पूर्ण राख होईपर्यंत तिथे उभी राहिले. बरं वाटलं मला. आज विचार करते तेव्हा त्या बरं वाटण्याचीच जास्त लाज वाटते.

७

परवाना आला. मे महिन्यात निवड झाली, बाबा रजा टाकून सोबत आले होते. यादीत नाव लागलं तेव्हा ते तिथल्या शिपायाच्या गळ्यात पडून रडले. जूनमध्ये मोठ्या विमानाचं प्रशिक्षण सुरू झालं. मायचे फोन एप्रिलमध्येच थांबले होते. मी केला की बाबा उचलायचे, म्हणायचे वावरात आहे ती.

जुलैच्या शेवटी तीन दिवसांची सुट्टी मिळाली. मेहकर डेपोत सत्कार झाला. युनिफॉर्म घालून ये, असा बाबांचा हट्ट होता. हार झाले, जय भीम झालं, पेढे झाले. माय आली नव्हती. तिची तब्येत बरी नाही, बाबा लोकांना सांगत होते, आणि माझ्याकडे बघायचं टाळत होते.

घरी पोचले तेव्हा बारा वाजले असतील. मायने तांब्या भरून पाणी दिलं. "बस बाई, लांबून आली," म्हणाली. पाहुण्यांसाठी वर ठेवलेलं ताट काढून तिने मला वाढलं, स्वतः दाराशी बसली. प्रशिक्षण कुठे आहे, जेवण बरं मिळतं का, मायबाप काळजी करत असतील, असं विचारत होती. मला वाटलं रागावली आहे, टोमणे मारते आहे. मी हसून म्हटलं, माय, असं काऊन बोलतेस? तीही हसली, प्रेमाने, आणि भाकर वाढली. लेकीची मैत्रीण घरी आली की बाया वागतात ना, अगदी तशी. मी अर्ध्या भाकरीवरच हात धुतला.

बाबांनी मला बाहेर नेलं आणि हळू आवाजात सांगितलं, यंदा पेरू दिलं नाही तिने.

मी वावरात गेले. चहूकडे सोयाबीन गुडघ्याला लागलं होतं, हिरवंगार. मधोमध आमचं तीन एकर काळं, उघडं, सपाट. एक काडी नव्हती. सगळे धोंडे वेचून बांधावर रचलेले होते, ढेकळं फोडून जमीन अंगणासारखी केलेली. एका टोकाला उंच काठीला मायच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधली होती. वारा पूर्वेला ओढ घेत होता, हे मला त्या चिंधीवरून बघताक्षणी कळलं. म्हणजे चिंधी योग्य जागी होती.

माय माझ्या मागून आली आणि बांधावर उभी राहिली. तीनला पाच कमी असतील.

आवाज उंद्रीकडून आला. एक ठोका चुकला, पुन्हा लागला. मी कारण शोधायचं ठरवलं होतं, डोळे उघडे ठेवून. बाभळीच्या शेंड्यावरून ते आलं, इतकं खाली की सोयाबीन आडवं झालं. नाकावर निळी ताडपत्री होती, दोरीने बांधलेली, तिचं एक टोक वाऱ्यात फडफडत होतं. पुढे प्रोपेलर नव्हता. खिडकीत, पुढच्या खाचेतल्या सीटवर, एक वेणी आणि चेहऱ्याची एक बाजू दिसली. तिने आमच्याकडे बघितलं नाही. ती जमिनीकडे बघत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, नीट, शिकवलेलं असतं तसं. जागा पुरते का, आडवं काय येतं, वारा कुठला. मग ते वर गेलं आणि मेहकरकडे वळलं.

मायचा पदर हातातच राहिला होता. तिने तो खांद्यावर घेतला आणि माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, वेड नव्हतं. रोजचं काम करणारी बाई जाणत्या माणसाला सल्ला विचारते, तेवढंच होतं.

"तुले समजते म्हणून इचारतो बाई," ती म्हणाली. "एवढं वावर पुरन का माह्या सारिकाले?"

मीच सारिका, माय. हे तोंडापर्यंत आलं होतं. तिच्या पायाशी बसून रडावं वाटत होतं. पण वेळ लिहायचा कागद मी माझ्या डोळ्यांसमोर जाळून घेतला होता, आणि अंगावर त्याच तासांचा युनिफॉर्म होता.

मी बूट काढले आणि वावराच्या या टोकाकडून त्या टोकाकडे चालत गेले, पावलं मोजत. दोनशे साठ भरली. परत येऊन तिला खरं ते सांगितलं. जागा कशीबशी पुरेल, पण ती बाभूळ वाटेत येते.

"हाव," माय म्हणाली, आणि घराकडे गेली. येताना दोन कुऱ्हाडी घेऊन आली. एक तिने मला दिली.